दहावी खूण

“फ्रिज बंद करा, पंखा बंद करा, आणि वीस मिनिटं घरात कुणी चालू नका,” एवढं सांगून मिस्त्रीने रिकाम्या खोलीच्या मधोमध बादली पालथी घातली. तिच्यावर बसून त्याने डोळे मिटले.

घरमालक दारातच अडकले. एक पाय आत, एक बाहेर, आणि आता हलावं की नको हे त्यांना कळेना. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सजावटकार मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. मिस्त्रीचं हे ध्यान त्यांनी आजवर तीसेक घरांत पाहिलं होतं आणि तीसही घरमालकांचे चेहरे असेच झाले होते.

खोली सिनेमासाठी व्हायची होती. समोर भिंतभर पडदा, दोन रांगांत सहा खुर्च्या, कोपऱ्यांत स्पीकर. यंत्रं बसवायला दुसरे लोक येणार होते. मिस्त्रीचं काम त्याआधीचं, खोली गप्प करायचं. पडद्यावर कुणी कुजबुजलं तर ते ऐकू यायच्या आधी घरच कुजबुजतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून हत्याराला हात लावण्यापूर्वी तो असा बसायचा. आवाज सापडला की उठायचं, दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ ओढायची, शेजारी त्याचं कारण लिहायचं आणि परत बादलीवर येऊन बसायचं. पुढे तो आवाज खरोखर गेला की ओल्या फडक्याने रेघ पुसायची. त्याच्या आधी नाही. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की काम संपलं, मग दाराला रंग. सत्तावीस वर्षांत हा नेम त्याने एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी त्याने नऊ रेघा ओढल्या. एसी नाक चोंदल्यासारखा श्वास घेत होता. खिडकीची काच ढिली होती. शेजारच्या इमारतीचा पंप घुमत होता, वरच्या मजल्याची सांडपाण्याची नळी मध्येच गुळणी भरत होती. दिवे मंद करायचं बटण गुणगुणत होतं. लिफ्ट, रस्ता, दाराखालची फट. प्रोजेक्टर अजून यायचा होता, पण त्याच्या पंख्याचीही रेघ त्याने आधीच ओढून ठेवली, पाहुणा येणार म्हणून पाट मांडून ठेवावा तशी.

मग उजव्या भिंतीतून आवाज आला. टक.

मिस्त्रीने मान कलती केली. थोड्या वेळाने पुन्हा, टक. हे यंत्र नव्हतं. यंत्राला ताल असतो. हे कुणीतरी हाताने करत होतं, काहीतरी कठीण घेऊन, विटेवर. त्याने डोळे उघडून मालकांकडे पाहिलं तर मालक जमिनीकडे बघत होते.

“वडील आहेत पलीकडे,” ते म्हणाले. “अंथरुणाला आहेत. बोलता येत नाही, चमचा आपटतात.” मग घसा साफ करून म्हणाले, “आणि मिस्त्री, तोच आवाज मुख्य. बाकीचे नऊ राहिले तरी माझी तक्रार नाही.”

मिस्त्रीने दहावी रेघ ओढली आणि ‘टक’ असं लिहिलं. पुढे कारण लिहायचं होतं. पंप, काच, नळी लिहिताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. इथे खडू हातात घेऊन तो चांगलाच घोटाळला. शेवटी ‘आजोबा’ असं लिहून त्याने हात झटकले.

त्याच्या धंद्यातले लोक त्याला गुपचूप मिस्त्री म्हणत. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलं. त्याची बायको म्हणायची, जगातल्या श्रीमंतांच्या भिंती गप्प करून येता आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं टिपटिप करतोय तो काही तुम्हाला ऐकू येत नाही. हे खरं होतं. त्यावर तो हसायचा आणि नळाकडे न बघता जेवायला बसायचा. एरवी माणूस साधा. शर्टाच्या खिशात खडू, कानामागे पेन्सिल, आणि एकच अभिमान की केलेलं काम दुरुस्त करायला आजवर कुणी परत बोलावलं नाही. मॅडम त्याला डोळे झाकून कामं द्यायच्या त्या ह्याच एका गोष्टीवर.

अभिमान एक आणि डाचणारी गोष्टही एकच. आईची शेवटची दोन वर्षं त्याच्याकडे गेली. तेव्हा तो नमुन्याच्या फळ्या घरीच करून बघायचा, इवलंसं आवाज मोजायचं यंत्र मांडून. आई कण्हली, काही बोलली की आकडा उडायचा, आणि तो म्हणायचा, “आई, जरा गप बस ना, मोजतोय.” रागाने नाही म्हणायचा, हसूनच म्हणायचा. पण म्हातारी गप बसायला शिकली. इतकी शिकली, की पोटात दुखायला लागल्याचं तिने तीन महिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस काय करत होतात, तेव्हा मिस्त्रीला तोंड वर करता आलं नव्हतं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

काम सुरू झालं. बरोबर त्याचा मेहुणा होता, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. दोघांनी उजव्या भिंतीपासून बोटभर अंतर सोडून लाकडी चौकट उभी केली. तिच्या पायाखाली रबर, मागे लोकरीचे जाड थर, पुढे दुहेरी फळ्या. नवी भिंत जुन्या भिंतीला कुठेही शिवता कामा नये, हा या धंद्यातला पहिला आणि शेवटचा धडा. एकच लांब स्क्रू आरपार जाऊन जुन्या विटेत शिरला तरी सगळी मेहनत पाण्यात, कारण तेवढ्या लोखंडावरून आवाज पूल ओलांडावा तसा चालत येतो. मिस्त्री त्यासाठी लांब स्क्रूंचा डबा साइटवर आणूच देत नसे. मेहुण्याने एकदा चुकून आणला होता, तर त्याला डब्यासकट जिना उतरवून परत पाठवलं होतं.

टकटक चालू होती. पहिल्या दोन दिवसांतच मिस्त्रीच्या लक्षात आलं की तिच्यात भाषा आहे. तीनदा वाजलं की पलीकडे पावलं जायची आणि खाट कुरकुरायची. दोनदा वाजलं की भांड्याचा आवाज यायचा. आजोबांना सांभाळायला दिवसा एक मावशी येत. त्यांनी चहाचे कप ठेवताना सगळं सांगून टाकलं. दोन म्हणजे पाणी, तीन म्हणजे कूस बदला.

“आणि एकदाच वाजवतात ते?” मिस्त्रीने विचारलं. कारण एकदाच वाजायचं ते सर्वांत जास्त वेळा वाजायचं आणि त्यानंतर कुणीच कुठे जायचं नाही.

मावशी म्हणाल्या, त्याला काही अर्थ नाही, उगीच वाजवतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा रबर आणायला गेला होता. मिस्त्री जुन्या भिंतीवरचा गिलाव्याचा एक फुगवटा हातोडीच्या मुठीने झाडत होता. पलीकडून टक वाजलं, आणि त्याच क्षणी त्याची मूठ भिंतीवर बसली. ठरवून नाही, काम म्हणून. मग शांतता झाली. पलीकडून पुन्हा एक टक आलं, या वेळी जरा घाईचं. मिस्त्रीने हातोडी खाली केली, इकडेतिकडे बघितलं आणि मुठीने एकदा हळूच ठोकलं.

त्यानंतर तासभर भिंत गप्प राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मिस्त्रीला चैन पडेना. चहाचा कप द्यायच्या निमित्ताने तो पलीकडच्या खोलीत डोकावला. खाटेवर म्हातारा माणूस उताणा होता, डावा हात छातीशी आवळलेला, उजव्या हाताच्या मनगटाला पट्टीने स्टीलचा चमचा बांधलेला. चमच्याला हिसका देता येईल एवढीच हालचाल त्या हातात उरली होती. उशाशी घंटीचं नवंकोरं बटण चिकटवलेलं होतं. मिस्त्रीने ते अंगठ्याने दाबून पाहिलं. चांगला जोर लागला. चमच्याने ते दाबलं जाण्याची शक्यता शून्य होती. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. तेव्हा त्यांचे डोळे परत मिस्त्रीवर आले, आणि त्यांत अशी काही निराशा उतरली की मिस्त्री कप तिथेच ठेवून बाहेर आला. भिंत कुणी ठोकली असं त्यांना वाटलं होतं, हे त्याला कळलं. चोरी करताना सापडल्यासारखं त्याला झालं.

त्या संध्याकाळी मालक कचेरीतून आले तेव्हा मिस्त्रीने धीर करून विषय काढला. साहेब, घंटीचं बटण हलकं घ्यावं लागेल, ते दाबलं जात नाही. मालक म्हणाले, बघू. मग मिस्त्रीने जरा पुढे जाऊन विचारलं, ही भिंत पूर्ण बंद झाली तर रात्री, सुट्टीच्या दिवशी, मावशी नसताना, इथे बसल्यावर काहीच कळणार नाही, ते चालेल का?

मालक पहिल्या रांगेच्या जागी, नुसत्या फरशीवर, भिंतीला टेकून बसले. दिसायला बरा, नीटनेटका माणूस, पण असा बसल्यावर त्याचं वय एकदम दिसलं.

“सव्वादोन वर्षं झाली, मिस्त्री. बायको मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेली ती तिकडेच रमली, तिलाही दोष देत नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अंधारात भीती वाटायची. मी भिंतीवर ठोकायचो आणि पलीकडून बाबा ठोकायचे. एकदा. म्हणजे, आहे मी, झोप. आता ते ठोकतात. दिवसातून शंभरदा. मी उत्तर देत होतो, खूप दिवस दिलं. आता नाही होत. पाणी हवं असेल तर देईन, कूस बदलेन, पण तो एकटा टक ऐकला की माझ्या छातीत काहीतरी होतं. आठवड्यातून दोन तास. दोन तास मला कुणी हाक मारू नये, एवढंच मागतोय मी.”

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. वाईट माणसाशी भांडता येतं. हा तर थकलेला होता. मिस्त्री नुसतं ‘बरं’ म्हणाला आणि हत्यारं आवरू लागला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, मग तुम्ही काय करणार? तो म्हणाला, काम घेतलंय तर पूर्ण करणार, दुसरं काय. ती म्हणाली, मग तोंड का असं झालंय? त्याने तिच्यासमोरची भाजी ओढून निवडायला घेतली. भिंत बंद केली आणि उद्या पलीकडे म्हातारा गुदमरला तर? बंद नाही केली तर आपलं नाव जाणार, मॅडम दारात उभं करणार नाहीत, आणि वर मेहुण्याचं पोट आपल्यावर. शिवाय ज्याचं घर त्याने ठरवायचं, आपण कोण? हे सगळे प्रश्न तो दिवसभर फळ्या कापता कापता उलटेपालटे करून बघायचा, आणि प्रत्येक वेळी टक वाजलं की त्याच्या हातातली करवत थांबायची. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्हाला झालंय काय, आज तिसरी फळी वाकडी कापलीत.

आठव्या दिवशी त्याने मेहुण्याला दुपारीच घरी पाठवलं. खोलीत तो एकटा उरला. उजव्या भिंतीवर फळ्यांचे दोन्ही थर चढले होते, वरून भिंत झाकायच्या कापडाच्या चौकटी तेवढ्या राहिल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या उजवीकडच्या टोकाच्या खुर्चीची जागा जमिनीवर आखलेली होती. मिस्त्री त्या जागी बादली घालून बसला आणि हात सहज बाजूला पसरला. जिथे बोटं टेकली तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारली.

मग त्याने शिसवीच्या एका तुकड्यातून तळहाताएवढा ठोकळा काढला. कडा घासून गुळगुळीत केल्या, कुणाच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून. फुलीच्या जागी फळ्यांना, लोकरीला आरपार भोक पाडून मागच्या विटेत खुंटी बसवली, आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला वीतभर लांब स्क्रू ठोकळ्यातून त्या खुंटीत पिळला. सत्तावीस वर्षं जी चूक होऊ नये म्हणून तो लोकांच्या अंगावर ओरडला, ती त्याने स्वतःच्या हाताने, मापात, सुबक केली. वरून कापडाची चौकट चढवली, तेव्हा बाहेरून काहीच दिसेना.

थोड्या वेळाने पलीकडून चमचा वाजला. बाकी भिंत मुकी होती, पण त्या एका जागेतून आवाज आला, बारीक, लांबून, तरी स्पष्ट. मिस्त्री बादलीवरच बसून राहिला. हात उचलून ठोकायचा त्याला मोह झाला, पण त्याने तो मांडीखाली दाबून धरला. एकदा फसवलं होतं तेवढं पुरे होतं.

सोपवायच्या दिवशी तो पहाटेपासून अस्वस्थ होता. यंत्रं बसली होती, गालिचा अंथरला होता, खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडल्या होत्या. दार तेवढं रंगायचं बाकी होतं. ओलं फडकं घेऊन तो दारासमोर उभा राहिला आणि एकेक रेघ पुसत गेला. एसी. काच. पंप. नळी. बटण. लिफ्ट, रस्ता, फट, पंखा. नऊ. दहाव्या रेघेपाशी फडकं थांबलं. पुसली असती तर कुणाला कळलंही नसतं, निदान त्या दिवशी तरी नाही. मेहुणा मागून म्हणाला, पुसा की. मिस्त्रीने फडकं रेघेपर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. आवाज गेलेला नव्हता. नाही पुसता आली त्याला ती.

मॅडम आत आल्या त्याच दार बघत. मागून मालक होते, नवे कपडे घातलेले, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हुरूप. मॅडमनी त्या एकुलत्या रेघेवर बोट ठेवलं.

“ही का राहिली?”

“राहिलीय, मॅडम.”

“म्हणजे आवाज येतो अजून?”

मिस्त्रीने मान डोलावली. मॅडमना खरंच वाटेना. त्यांनी दार लावून घेतलं, मालकांना खुर्चीत बसवलं, सगळी यंत्रं बंद ठेवली. खोली अशी काही शांत झाली की स्वतःची नाडी ऐकू यावी. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागलं होतं, तेवढ्यात उजवीकडून आलं, टक.

मालकांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी भिंतीला कान लावला, सरकत सरकत बरोबर त्या जागेपाशी आल्या आणि म्हणाल्या, लांब स्क्रू गेलाय इथे. त्यांचाही हाच धंदा होता, त्यांना कळायला वेळ लागला नाही. मग त्या मेहुण्याकडे वळल्या आणि त्याला फैलावर घेतलं. हातात यंत्र आलं की डोकं घरी ठेवून येतोस, एवढ्या वर्षांत ह्यांच्या कामाला बट्टा लागला नव्हता तो तू लावलास, उद्यापासून माझ्या साइटवर पाऊल ठेवू नकोस. मेहुणा आ वासून उभा राहिला. त्याने तर काही केलंच नव्हतं.

“त्याचा हात नाही लागला तिथे,” मिस्त्री म्हणाला. “मी मारलाय.”

“तुमच्याकडून चूक झाली?”

मिस्त्रीने पुढे होऊन कापडाची चौकट काढली. खाली ठोकळा होता. घासलेल्या कडांचा, मधोमध स्क्रूचं डोकं बसवलेला. ही चूक नव्हे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मॅडम त्या ठोकळ्याकडे बघत राहिल्या. रागापेक्षा त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मिस्त्रीला जास्त लागलं.

मालक उठले. त्यांचा आवाज चढला नाही.

“मी तुम्हाला घरातलं सांगितलं, मिस्त्री. कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आणि तुम्ही हे केलंत? हे ठरवणारे तुम्ही कोण?”

“कुणी नाही, साहेब.”

“मग?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. आईचं सांगावं असं त्याच्या मनात होतं. पण ते या माणसाच्या डोक्यावर कशाला आदळायचं, त्याच्या डोक्यावर काय कमी होतं?

“घंटीचं बटण त्यांच्याने दाबलं जात नाही,” तो म्हणाला. “मी बघितलंय दाबून. मला भीती वाटली, साहेब. दुसरं काही नाही. मी ठरवायचं नव्हतं, हे खरंय.”

पलीकडून तीनदा वाजलं. मालकांचे पाय आपोआप दाराकडे वळले. त्यांनी जोर लावून जड दार ओढलं आणि ते गेले. पलीकडे खाट कुरकुरली ती त्या ठोकळ्यातूनही ऐकू आली. परत आले तेव्हा त्यांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. त्यांनी कुणाकडेच न बघता सांगितलं, उद्या येऊन ते काढा, आणि भोक नीट बुजवा. मिस्त्री हो म्हणाला.

खाली रस्त्यावर आल्यावर मॅडमनी गाडीचं दार उघडलं, परत लावलं. पुढच्या महिन्यातल्या मोठ्या कामाचं त्यांच्यात आधीच ठरलेलं होतं. त्या म्हणाल्या, तिथे मी दुसऱ्या कुणाला बघते. तुमच्या कामावर डोळे झाकून सही करायचे, आता मला भिंती उघडून बघाव्या लागतील. बरोबरच होतं त्यांचं. मेहुणा घराच्या दारात आल्यावर एवढंच म्हणाला, भाऊजी, मला आधी सांगितलं असतंत तर मीच मारला म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री एकटाच गेला. पिशवीत स्क्रू उलटा काढायचं हत्यार, लोकरीचा तुकडा, भोक बुजवायचा लगदा. एवढ्या वर्षांत परत बोलावणं आलं होतं ते हे पहिलं, आणि तेही स्वतःच्या हाताने केलेलं मोडायला. मोडलं की ती रेघ पुसायला हरकत नव्हती. ते फडकंही त्याने बरोबर घेतलं होतं.

दार मावशींनी उघडलं. साहेब कचेरीत गेले म्हणाल्या. मग निरोप आठवून आठवून सांगू लागल्या, एकेक बोट मोडत, काही विसरू नये म्हणून.

“बटण नवं आणायला सांगितलंय, हलकं. ते तुम्ही बघायचं नाही, वायरमन येणार आहे. दाराला रंग द्यायचा नाही म्हणाले, तसंच राहू दे. आणि तो स्क्रू काढू नका म्हणाले.”

“काढू नका?”

“हो. पण ती कडेची खुर्ची आहे ना, तेवढी भिंतीकडे सरकवून द्या. म्हणाले, हात पुरत नाही.”

मिस्त्री खोलीत गेला. जड दार मागे लागलं आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. कापडाची चौकट परत जागेवर बसवलेली होती. ठोकळ्यावर कापड किंचित सैल पडलं होतं, आत दबलेलं, रुपयाएवढ्या जागेत. काल दुपारी ते ताठ होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

मग पिशवीतून पाना काढून तो गालिच्यावर गुडघे टेकून बसला. खुर्चीचे चारही बोल्ट सोडवले, खुर्ची चार बोटं भिंतीकडे घेतली. साहेबांचा हात आपल्यापेक्षा आखूड असणार असा विचार करून आणखी दोन बोटं घेतली. नवी भोकं पाडली, बोल्ट आवळले. पलीकडून एकदा वाजलं. तो हात जमिनीवर टेकून थांबला, पण उत्तर त्याने दिलं नाही. मावशी तिथे होत्या, आणि संध्याकाळी साहेब घरी येणारच होते.

जाण्यापूर्वी तो खुर्चीत बसला. पुढे झुकला, मागे रेलला, या कुशीवरून त्या कुशीवर झाला. खुर्ची करकरत तर नाही ना, हे त्याने दोनदा नीट कान देऊन ऐकलं.